डिस्कवर अजून जागा आहे

४ नोव्हेंबर

चि. डॉक्टरीणबाईंस अनेक आशीर्वाद.

वर काय लिहावं यापायी दोन कागद फाडले, तेव्हा हे सुचलं. रागावू नकोस. बाबा तुला ठमी म्हणायचे, पण ते नाव त्यांचं. मी कधी त्या नावाने हाक मारली नाही, आता पत्रात कुठे मारू? आणि नुसतं 'प्रिय' लिहून पुढे जागा सोडली तर बँकेचं पत्र आल्यासारखं वाटतं.

इकडे मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण कुरकुरण्यात तो माझ्यावरच गेलाय. दुकान चालू आहे. थंडी पडल्यापासून कोटांच्या चेनी आणि स्वेटरांची कोपरं, दुसरं काम नाही. एका गिऱ्हाइकाने पोट वाढलं म्हणून पॅन्ट सैल करायला आणली आणि वर मलाच विचारतो, "कापड आटलं असेल का हो?" मी म्हटलं, हो, हल्ली सगळ्यांचंच कापड आटतंय. तू वेळेवर जेवतेस ना? दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावतेस आणि स्वतःचं मात्र मिटलेलं. फोन केला की 'हो', 'बरं', 'ठेवते' एवढ्यात मला गुंडाळून टाकतेस. म्हणून हे पत्र. पत्राला मधेच 'ठेवते' म्हणता येत नाही.

आता मुद्द्याचं. बाबा गेल्यावर तू आलीस, राहिलीस आणि निघताना दारात बुटाची नाडी बांधता बांधता, वर न बघता म्हणालीस, "त्या डिस्क तेवढ्या मला हव्यात. बाकी काही नको." मी 'हो' म्हटलं. ते खोकं मी कपाटावरून खाली काढलंय. बुटांचं खोकं आहे, बाजूला नंबर छापलेला. माझ्यापेक्षा लहान पाय. म्हणजे तुझ्या आईचे बूट त्यातून आले असणार. इतकी वर्षं त्यावरची धूळ मी पुसत होते, पण तो नंबर मी पहिल्यांदा वाचला.

पाठवण्याआधी म्हटलं, लागतात तरी का बघू. तर लॅपटॉपला डिस्क घालायला तोंडच नाही. कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे ना, तिथल्या बाईकडे गेले. ती म्हणाली, "मावशी, डिस्कसुद्धा म्हाताऱ्या होतात. वाचायच्या बंद पडायच्या आत सगळ्या उतरवून घ्या." तिने डब्याएवढा एक ड्राइव्ह दिला. वायर जोडायची, बटण दाबायचं, बशी बाहेर येते. बशीच्या मधोमध एक छोटी खळी असते, आपल्या या तळहाताएवढ्या डिस्क त्यात बरोब्बर बसतात. मग डिस्कमधलं सगळं कॉम्प्युटरवर उतरतं, त्याची फाइल होते. पुसायच्या कशा तेही तिने शिकवलं: गोल गोल नाही, मधून कडेकडे. दुकानात फ्लॅनेलच्या चिंध्या ढीगभर आहेत, त्या कामी आल्या.

पहिली डिस्क 'समुद्र'. बाबा छापखान्यातले, हाताचं अक्षरही छापल्यासारखं. ड्राइव्ह आधी घरघरला, मग बारीक शिट्टी वाजवल्यासारखा आवाज करत बसला, आणि पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकायला लागली. मी ठरवलं होतं की बघायचं नाही, नुसतं उतरवायचं. दुसऱ्याच्या संसारात डोकावू नये. पण फाइल नीट उतरली की नाही हे उघडून बघावंच लागतं. आणि उघडली ती मग शेवटपर्यंत बघितली.

तुझ्या आईला मी भिंतीवरच्या फोटोपुरतीच ओळखत होते. तू चौथीत होतीस, तिला जाऊन दोन वर्षं झालेली, तेव्हा मी या घरात आले, आणि आल्या दिवसापासून ती फोटोतून माझ्याकडे बघतेय. फोटोतल्या बाईचं दूध कधी उतू जात नाही, तिच्या मोज्याला भोक नसतं. अशा बाईची बरोबरी कोण करणार? माझं काही करपलं की मी आधी त्या फोटोकडे बघायची. आणि डिस्कमध्ये बघते तर काय! लाटेत चप्पल वाहून चाललीय आणि बाई बाबांवर खेकसतेय, "शूटिंग कसलं करताय, चप्पल पकडा आधी!" बाबा हसतायत, कॅमेरा हलतोय, सगळा समुद्र वाकडा. तू लाल फ्रॉकमध्ये भोकाड पसरून उभी. फ्रॉकची खालची दुमड उसवलेली, तीन जागी सेफ्टीपिन. म्हणजे शिवणटिपण बाईंच्या हातचं काम नव्हतं.

मला ती एकदम आवडली. खरंच सांगते.

फाइलला नाव द्यावं लागतं. मी बाबांसारखं नुसतं 'समुद्र' नाही लिहिलं. 'समुद्र, चप्पल वाहून गेली' असं लिहिलंय, म्हणजे तुला शोधायला बरं. बाकीच्या रोज थोड्याथोड्या उतरवते. उत्तर नाही आलं तरी मी वाट बघणार नाही, असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल.

खाली काय लिहावं याचीही पंचाईतच आहे. काकू लिहावं तर काकू शेजारणीलाही म्हणतात.

घरून,
मी


२६ नोव्हेंबर

चि. डॉक्टरीणबाई,

तुझा मेसेज पोचला. 'चप्पल आठवते' एवढे दोनच शब्द, पण मी ते दुकानात चारचौघांसमोर मोठ्याने वाचले. गिऱ्हाइकांना वाटलं बाईच्या चपला चोरीला गेल्या.

सोबत पेनड्राइव्ह आहे. त्यात एक सोडून सगळ्या डिस्क उतरल्यात. 'शाळा' नावाच्या डिस्कवर ओरखडा होता. तिथे पोचलं की चित्राचे चौकोन व्हायचे आणि तू स्टेजवर अर्धी ससा, अर्धी भिंत व्हायचीस. पुन्हा पुन्हा पुसून, ड्राइव्हला थोडी विश्रांती देऊन शेवटी उतरली. गाणं तेवढं मधे तुटलंय. 'वाढदिवस'मध्ये केक एका बाजूने जळलाय आणि तुझी आई ती बाजू भिंतीकडे वळवून ठेवतेय. मग कॅमेऱ्याकडे बघून हसते. हसता हसता मधेच थांबते आणि नाकातून एक सुस्कारा सोडते ना? तू अगदी तसंच हसतेस. मला वाटायचं ती तुझी खोड आहे. ती तर तिची निघाली.

आता जरा मनातलं लिहिते. ऐकणारं इथे कुणी नाही आणि फोटोसमोर ते बोलणं बरं दिसत नाही.

बाबांचा आवाज. सगळ्या डिस्कभर आवाजच आहे, कारण कॅमेरा त्यांच्या हातात. काय बोलतो गं तो माणूस! ढगावर बोलतात, बसच्या नंबरावर बोलतात, तुझा दात हलतोय त्यावर तर क्रिकेटसारखी कॉमेंट्री करतात. एका डिस्कमध्ये गातातसुद्धा, बेसूर. मी त्यांना कधी गाताना ऐकलं नव्हतं. माझ्या वाट्याला जो आला तो माणूस भला होता, शब्दाचा पक्का होता. कधी आवाज चढवला नाही. पण आमच्यात जेवताना चमच्याचाच आवाज जास्त व्हायचा. मला वाटायचं स्वभावच अबोल आहे. अबोल कसला! बोलून बोलून झालं होतं, आणि उरलेलं माझ्या वाट्याला आलं. मला हेवा वाटला, लिहायला लाज कसली? फाइल बंद केली आणि कपडे वाळत घालायला गेले. हातात ओले कपडे घेऊन तशीच उभी होते.

आणखी एक. तिला ते 'अगं' म्हणतात. "अगं, इकडे बघ", "अगं, बास झालं". मला जन्मभर 'अहो' म्हणाले. लोक म्हणायचे, बघा, बायकोला किती मान देतो. मला तो मान नको होता, एक 'अगं' हवं होतं. शेवटच्या दिवसांत त्यांना आजूबाजूचं नीट कळत नव्हतं तेव्हा एकदा म्हणाले, "अगं, पाणी दे." मला म्हणाले की तिला, देव जाणे. मी पाणी दिलं.

आणि सगळ्या डिस्क बघून झाल्यावर लक्षात आलं की मी कुठेच नाही. असणार तरी कशी म्हणा, मी आल्यानंतर कॅमेरा निघालाच नाही. पण भिंती त्याच, पडदे तेच, ती वेताची खुर्ची तीच जिच्यावर बसून मी आत्ता लिहितेय. सगळं दिसतं, मी तेवढी दिसत नाही. मी आले तेव्हा शेजारणी म्हणायच्या, कानामागून आली आणि तिखट झाली. मी कसली तिखट होते. मी तर या घरात आवाज न करता कप कसा ठेवावा तेच शिकत होते.

असो. आता त्या एका डिस्कबद्दल.

खोक्याच्या तळाशी होती. बाबांनी तिच्यावर 'अर्धी' असं लिहिलंय. ती घातली तर कॉम्प्युटर म्हणतो, ही डिस्क कोरी आहे, नव्याने तयार करू का? मी 'हो' दाबणारच होते, बोट बटणावर होतं. पण बाबा कोऱ्या डिस्कवर 'अर्धी' लिहितील का? छापखान्यातला माणूस, शब्द उगाच वापरायचा नाही. बाहेर काढून उजेडात तिरकी धरली. आतला भाग गडद, बाहेरचा फिका. सूत वापरलेलं आणि न वापरलेलं मला कळतं. काहीतरी भरलेलं होतं.

तशीच कॉम्प्युटरवालीकडे घेऊन गेले. ती म्हणाली, "बरं झालं मावशी, 'हो' म्हटलं नाहीत, सगळं गेलं असतं." मग तिने समजावलं. या जातीच्या कॅमेऱ्यात डिस्क भरून झाली की ती 'बंद' करावी लागते. बंद केली की कुठल्याही मशीनवर लागते, पण मग तिच्यात नवं काही भरता येत नाही. बंद केली नाही तर ज्या कॅमेऱ्याने भरली त्याच कॅमेऱ्यात उघडते. बाकी साऱ्या जगाला ती कोरी दिसते. बाबांनी ही एकच बंद केलेली नाही. मला आठवलं, एकदा मी खोकं आवरताना ही कोपऱ्यात ठेवली, तर म्हणाले, "अहो, ती राहू द्या, तिच्यात अजून जागा आहे." कशासाठी ते मी विचारलं नाही.

कॅमेरा तुझ्याकडे आहे. तू शिकायला गेलीस तेव्हा स्वेटरांच्या मधे घालून नेलास, मी बघितलं होतं. बाबांनीही बघितलं होतं. पाठवशील का? उतरवून झालं की तुझा तुला परत.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. खोकं मी दुसऱ्याच दिवशी बांधून पाठवू शकले असते. उतरवायचं निमित्त काढून ठेवून घेतलं, कारण ते गेलं की तुला या घराकडून घेण्यासारखं काही उरत नाही. बाबा होते तोवर आपण दोघी त्यांच्या दोन बाजूंना होतो. आता मधला माणूसच उठून गेला. उद्या तू फोनसुद्धा कशाला करशील? केलास तर कुणाला विचारशील? मला कळत नाही मी तुझी कोण ते, आणि हे आपण दोघी कधी बोललो नाही. आता एवढी एक डिस्क उरलीय, ती उघडू दे.

घरूनच,
मी


११ डिसेंबर

चि. डॉ.,

'कॅमेरा बिघडलाय. राहू द्या ती डिस्क.' हा तुझा मेसेज मिळाला.

बरं.

बिघडला असेल तर बिघडला. कॉम्प्युटरवाली म्हणते तसले कॅमेरे दुरुस्त करणारा एक म्हातारा अजून आहे, पण मी तुला गळ घालत नाही. माझं मागचं पत्र फार लांबलं आणि त्यात नको तेही लिहिलं गेलं. तू वाचलंस आणि तुला अवघडल्यासारखं झालं असेल, तर ते पान फाडून टाक. बोलायला कुणी नसलं की माणसाचं पेन सैल सुटतं.

खोकं बांधून ठेवलंय. वरून चिंध्यांची गादी, खाली चिंध्यांची गादी, मधे डिस्क. 'अर्धी'सुद्धा त्यातच आहे. तुझा दवाखान्याचा पत्ता टाकू की घरचा, तेवढं कळव, म्हणजे पाठवते.

थंडीत कान झाकत जा. लहानपणी तुझे कान दुखायचे.

मी


२२ जानेवारी

ठमे,

लिहिलं एकदाचं. आता हवं तर रागाव.

तुझं पार्सल काल सकाळी आलं. मी खोकं पाठवायला पोस्टात निघालेच होते. तू पत्ता कळवला नाहीस, मग मीच दवाखान्याचा घातला होता. दार उघडलं तर समोर पार्सलवाला, त्याच्या हातात तुझं खोकं, माझ्या हातात तुझ्यासाठीचं खोकं. तो म्हणाला, "बाई, अदलाबदल आहे का?" मी माझं आत ठेवून दिलं.

कॅमेरा, चार्जर, वायर, सगळं एका जुन्या स्वेटरात गुंडाळलेलं. तुझा शाळेचा निळा स्वेटर. अगं, हा तू अजून ठेवलायस? आणि कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, तिच्यावर तुझ्या त्या किडमिड्या डॉक्टरी अक्षरात, 'चालतो. बघून हसू नका.' म्हणजे बिघडला नव्हताच. मग मला कळेना, हसू नका कशाला?

दुकान उघडलं नाही. दारावर पाटी लावली, कुणाची चेन तुटली असेल तर दोन दिवस थंडी सोसा. कॅमेरा चार्ज केला, डिस्क घातली. आधी नुसता घुरघुरला. माझा जीव टांगणीला. मग त्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर चित्रांचे छोटे चौकोन आले. कोरी नव्हती.

पहिलं तुझ्या आईचं आहे. तुला ठाऊकच आहे, तरी लिहिते. वेताच्या खुर्चीत बसलीय, डोक्यावर लोकरीची टोपी. चेहरा उतरलाय, पण डोळे तेच, चप्पल पकडा म्हणणारे. तू जमिनीवर बसून बुटाच्या नाडीची गाठ शिकतेस आणि ती वरून सांगतेय, "आधी फुली, मग खालून." बाबा नुसतं शूट करतायत. या वेळी बोलत नाहीत. तुझी गाठ जमते, ती टाळ्या वाजवते, दमते. मग सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणते, "अहो, बास. सगळी डिस्क माझ्यावर संपवू नका. थोडी जागा ठेवा. पुढे लागेल तुम्हाला."

बाबा म्हणतात, "अगं, काहीतरीच." आणि चित्र बंद.

मी ते पुन्हा लावलं. पुन्हा पुन्हा लावलं. इतकी वर्षं ज्या बाईसमोर मी मान खाली घालून वावरले, तिने जागा ठेवायला सांगितली होती. आणि त्या भल्या माणसाने ठेवली, पण तिच्यात भरायचं धाडस काही त्याला झालं नाही.

मला वाटलं संपलं. पण खाली आणखी एक चौकोन होता, अंधारा. दाबला तर पडदाभर दाराची फट. मग कॅमेरा वर खाली झाला, फटीतून आत सरकला, आणि समोर मी.

ठमे, मी! केस काळेभोर, पाठ सरळ, मशीनवर बसलेय. तोंडात टाचण्या. काहीतरी गुणगुणतेय, बाबांच्याही वरताण बेसूर. आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून तुझा आवाज, नऊ वर्षांचा, कुजबुजत.

"आई, बघ. ही ती. बाबांनी आणलीय. ही तोंडात टाचण्या धरते आणि तशीच बोलते, मला वाटतं गिळेल. चहात साखर खूप घालते. पटकन रागावते, पण मग विसरून जाते. माझ्या स्वेटराला कोपरावर भोक पडलं होतं ना, ते हिने असं शिवलं की कुठे होतं ते मलाच सापडत नाही." मग जरा वेळ नुसती मशीनची खटखट. "मी हिला काकू म्हणते. बाबा म्हणाले आई म्हण, पण मी नाही म्हणणार. ते तुझं आहे. काकू मी शोधलंय, ते हिचं. तू हिच्यावर रागावू नकोस हं. बाबा काल थोडेसे हसले."

तेवढ्यात मी मान वळवते आणि टाचण्यांमधून म्हणते, "कोण आहे गं तिकडे?" मग नुसती जमीन, तुझे पळणारे पाय आणि सुटलेली नाडी.

आता कळलं तू कॅमेरा का नेलास. डिस्क ठेवलीस आणि उघडायची किल्ली तेवढी घेऊन गेलीस. शहाणी गं माझी बाई. मी ते बघून हसेन असं वाटलं तुला? मी जमिनीवर बसून रडले, मोठमोठ्याने, आणि मग पोट धरून हसलेही, त्या साखरेवरून. साखर आता कमी केलीय, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून.

स्वेटरचं कोपर शोधलं. मला सापडलं, पण मीच शिवलंय म्हणून.

मी कशी होते गं! मला वाटायचं मी या घरात आल्यापासून भिंतीला टेकून उभी आहे. पण त्यात तर मी मजेत गुणगुणतेय. मला ते आठवतसुद्धा नाही. तू बघितलंस आणि ठेवून दिलंस, तेही आईच्या शेजारी, तिच्याच डिस्कवर. इतकी वर्षं मी घरभर स्वतःला शोधत होते आणि तू मला स्वेटरात गुंडाळून ठेवलं होतंस.

आता कामाचं. ही डिस्क उतरवायची तर आधी कॅमेऱ्यात बंद करावी लागेल. बटण मला सापडलंय. दाबलं की कॅमेरा विचारतो, नक्की ना? नंतर काही भरता येणार नाही. मी 'नाही' दाबलं. कॉम्प्युटरवाली आज सकाळी रागावली, म्हणाली, "मावशी, जुनी डिस्क आहे, उशीर करू नका." तिचं बरोबर आहे. पण तुझ्याशिवाय मी ती बंद करणार नाही, मग ती म्हातारी होवो नाहीतर मी. उजेडात धरून बघितली. कडेला फिका गोल अजून आहे, रुंद आहे चांगला.

म्हणून ये. सवड काढ, दातांना काय, ते दुखायचे थांबणार नाहीत. बाबांशिवायचं घर कसं दिसतं ते घेऊ. तुझ्या आईचा फोटो घेऊ, खुर्ची घेऊ, माझे पांढरे केस घे, आणि थोडा वेळ कॅमेरा माझ्या हातात दे, म्हणजे तूही येशील. हात हलला तर हलू दे, या घरात समुद्रसुद्धा वाकडाच आलाय. मग दोघी मिळून ती बंद करू.

बॅटरी भरून ठेवलीय. तू येशील तेव्हा मी बहुतेक मशीनवर असेन आणि तोंडात टाचण्या असतील, त्यामुळे लगेच बोलता येणार नाही. पण या वेळी दारामागे उभी राहू नकोस. सरळ आत ये.

तुझी,
काकू